आधी भिंत रिकामी करा

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी सात रस्त्याजवळ राहते. शाळेतून निवृत्त झाले आहे. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर माझ्या नावाचा एक गाळा आहे. भाऊ गेल्यावर तो त्याच्या मुलाला जिम काढायला दिला. भाडं घेत नाही. पोरगा कष्टाळू आहे. पहाटे पाचला शटर उघडतो, यंत्रांसाठी काढलेल्या कर्जाचा एकही हप्ता त्याने चुकवलेला नाही.

दिवाळीनंतर त्याने समोरची अख्खी भिंत नव्याने सजवली. मधोमध हिटलरचा मोठा फोटो, मागे लाल झेंडा, त्यावर पांढऱ्या गोलात ते काळं तिरकं स्वस्तिक, आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘शिस्त’. ट्रेनर मुलांच्या टी-शर्टवरही तेच चिन्ह. मला आवडलं नव्हतं, पण तरुण मुलांचं काहीतरी असेल म्हणून गप्प बसले.

आमच्या मजल्यावर एक बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारं ज्यू, कुटुंब राहतं. त्यांच्यातली थोरली माझी बालमैत्रीण. माझे यजमान आजारी होते तेव्हा ती माझ्यासोबत रात्र रात्र हॉस्पिटलात बसली. त्यांच्याकडे मलिदा झाला की आमच्याकडे ताटली येतेच. परवा कसला तरी निरोप द्यायला ती गाळ्यात गेली आणि दारातूनच परत फिरली. तेव्हापासून संध्याकाळच्या चहाला येत नाही. विचारलं तर म्हणते, गुडघा धरलाय.

भाच्याशी बोलले तर म्हणतो, “आत्या, त्याने आपल्या देशाचं काय वाकडं केलं? उलट इंग्रजांशी लढला. आणि मावशी तर कोकणातल्या, त्यांच्या घरचं कोण मेलं तिकडे? आपण दारावर स्वस्तिक काढतो, मग तेही पुसू का?” मला उत्तर सुचलं नाही. माझे वडील गिरणीत होते. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला तेव्हा ते तिथे होते. अन्याय दिसला तर बोलायचं, हे त्यांनी शिकवलं होतं. पण फार ताणलं तर पोरगा तुटेल अशी भीती वाटते. मैत्रिणीला जाऊन समजावू का, की त्याच्या मनात वाईट काही नाही? की थोडे दिवस थांबू, आपोआप निवळेल?

एक आत्या, सात रस्ता

उत्तर

नमस्कार बाई,

थांबू नका. आणि समजावायलाही जाऊ नका, निदान आत्ता तरी नको. आधी ते चित्र उतरवा, झेंडा उतरवा, टी-शर्ट गोळा करा. बाकी सगळं बोलणं त्यानंतर. आधी मैत्रीण की आधी भाचा, अशा पेचात तुम्ही अडकला आहात. मी म्हणते, आधी भिंत.

चित्र जागेवर ठेवून तुम्ही “त्याच्या मनात काही नाही गं” असं सांगायला गेलात, तर तिला ते दुसऱ्यांदा लागेल. त्याचा अर्थ एवढाच होईल की माझ्या भाच्याचं मन जपायचं आहे, तेव्हा तू तुझं दुखणं आवर. आणि ती आवरेल. “असू दे” म्हणेल, चहा टाकेल, वर तुमच्याच तब्येतीची चौकशी करेल. इतक्या वर्षांच्या मैत्रिणीला ती अवघडून ठेवणार नाही. तिच्या या चांगुलपणावर भार टाकून आपण मोकळं होणं मला बरोबर वाटत नाही.

मोठ्या झालेल्या मुलाच्या धंद्यात आत्याने किती लक्ष घालावं, याचा संकोच मला कळतो. यंत्रं कुठली, फी किती, गाणी कुठली लावायची, हे त्याचं त्याने ठरवावं. पण गाळा कुणाचा म्हणून इमारतीत कुणालाही विचारलं तर तुमचंच नाव सांगतील. म्हणजे ते चित्र तुमच्या नावावर लागलेलं आहे. तुम्ही रोज त्याच्यासमोरून जिना चढता हे मैत्रिणीला ठाऊक आहे. मला वाटतं, चित्र दिसलं त्यापेक्षा हे तिला जास्त लागलं असेल. लिहिताना मला बरं वाटत नाही, पण तुम्ही खरं विचारलंत म्हणून खरं सांगते आहे.

आता भाच्याचे प्रश्न. मुलगा वाईट नाही, त्याला कुणी नीट सांगितलेलं नाही एवढंच. फुटपाथवरच्या पुस्तकांच्या ठेल्यांवर हिटलरचं आत्मचरित्र सर्रास मिळतं आणि कित्येक मुलं ते ‘शून्यातून वर कसं यावं’ म्हणून वाचतात. तुमचा भाचा बापाविना उभा राहिला, कर्ज फेडतो आहे. अशा मुलाला एखादा करारी, कुणापुढे न वाकणारा चेहरा हवासा वाटला, तर ते मी समजू शकते. चेहरा चुकीचा निवडला गेला.

‘इंग्रजांशी लढला’ याचं उत्तर त्या पुस्तकातच आहे. भारत दुसऱ्या कुणाच्या ताब्यात जाण्यापेक्षा इंग्रजांच्याच ताब्यात राहिलेला आपल्याला आवडेल, असं हिटलरने त्यात साफ लिहिलं आहे. आपल्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्यांची त्याने टिंगल केली आहे. सुभाषबाबूंनी जर्मन नेत्यांच्या अशा अपमानकारक बोलण्याचा 1936 सालीच निषेध केला होता. लढाई त्याने त्याच्या साम्राज्यासाठी केली. त्या साम्राज्यात तुमच्या भाच्याच्या रंगाच्या माणसाला मानाची जागा नव्हती.

‘शिस्ती’बद्दल मात्र त्याच्याशी सावकाश बोला, कारण तो शरीर घडवण्याच्या धंद्यात आहे. त्याच्याकडे येणाऱ्यांत एखादा अपघातानंतर पुन्हा चालायला शिकणारा असेल, एखादी पाठदुखीने जेरीला आलेली बाई असेल. हिटलरच्या राज्यात शिस्तीच्या नावाखाली पहिल्यांदा विषारी वायूने मारले गेले ते अपंग आणि मनोरुग्ण. इस्पितळांतून, आश्रमांतून त्यांना उचलून नेलं जाई आणि घरी आजाराने गेल्याचा खोटा दाखला पाठवला जाई. 1940 ते ऑगस्ट 1941 या काळात अशा सहा केंद्रांमध्ये 70,000 हून जास्त माणसं मारली गेली. ज्यूंचा संहार करताना पुढे हीच पद्धत, आणि ती राबवलेली बरीच माणसं, वापरली गेली. त्यात 60 लाख ज्यू गेले. युरोपातले रोमा, म्हणजे जिप्सी लोकही लाखांनी मारले गेले.

त्याला दोन खेळाडूंची गोष्ट सांगा, ती त्याला आकड्यांपेक्षा लवकर पोचेल. 1896 साली अथेन्सला पहिलं आधुनिक ऑलिंपिक झालं. त्यात अल्फ्रेड फ्लाटो हा जर्मन जिम्नॅस्ट पॅरलल बारवर पहिला आला. त्याचा चुलतभाऊ गुस्ताव जर्मनीच्या सांघिक विजयांत होता. दोघे ज्यू. ज्या देशासाठी ते जिंकले, त्या देशाने म्हातारपणी त्यांना तेरेझिनच्या छावणीत टाकलं. अल्फ्रेड तिथे 1942 च्या डिसेंबरात गेला, गुस्ताव 1945 च्या जानेवारीत. दोघेही उपासमारीने गेले. बर्लिनमध्ये 1936 च्या ऑलिंपिकच्या स्टेडियमजवळच्या एका रस्त्याला आता त्यांचं नाव आहे. त्याच 1936 साली ग्रेटेल बर्गमान या मुलीने उंच उडीत 1.60 मीटरची उडी मारून जर्मन विक्रमाशी बरोबरी केली आणि महिन्याभरात तिला संघातून वगळलं, कारण ती ज्यू होती. मेहनत, सराव, निकाल, सगळं चोख असूनही! जिमच्या मालकाला याहून घातक ‘शिस्त’ कुठली असेल?

तो तिसरं जे म्हणाला, ‘मावशी तर कोकणातल्या’, ते मला सगळ्यात जास्त लागलं.

बेने इस्रायल कोकणात किती शतकं आहेत हे त्याला बहुधा माहीत नसावं. गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या सात जोडप्यांचे आपण वंशज, असं ते सांगत आले. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. पेणचे ते पेणकर, दिव्याचे ते दिवेकर, आडनावं आपल्यासारखीच. समाजाचं मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, सॅम्युएल दिवेकर यांनी 1796 साली मांडवीत बांधलं. या देशात ज्यूंना त्यांच्या धर्मासाठी कुणी छळलं नाही, असं आपण अभिमानाने सांगतो, आणि ते त्यांच्याही तोंडून ऐकलेलं आहे. त्या अभिमानाचा एक तुकडा तुमच्या गाळ्यात आहे, बाई. तो जपणं आपल्या हातात आहे.

भाचा ज्या डॉ. ई. मोझेस रोडवरून वरळीला जातो, त्या रस्त्याचं नाव कुणाचं आहे, हेही त्याला विचारा. डॉ. एलियाह मोझेस राजपूरकर 1937-38 मध्ये मुंबईचे महापौर होते. एक बेने इस्रायल डॉक्टर शहराच्या सर्वोच्च खुर्चीत बसला, आणि 1938 सालीच जर्मनीत ज्यू डॉक्टरांचे परवाने रद्द करण्यात आले. त्या काळात मध्य युरोपातून जीव वाचवून जे ज्यू मुंबईला आले त्यांत वॉल्टर काउफमान नावाचा संगीतकार होता. तुम्ही-आम्ही लहानपणी पहाटे रेडिओ लावला की जी आकाशवाणीची धून ऐकू यायची, ती त्याची. भिंतीवरच्या माणसाचं चाललं असतं तर तो मुंबईपर्यंत पोचलाच नसता.

‘त्यांच्या घरचं कोण मेलं’ हा प्रश्न त्याच्या आजोबांना, म्हणजे तुमच्या वडिलांना, विचारून पाहायला सांगा, असं मी म्हटलं असतं, पण ते आता नाहीत. त्यांच्या वतीने तुम्हीच विचारा. 21 नोव्हेंबर 1955 ला फ्लोरा फाउंटनला जे गोळ्या लागून पडले, त्यांत तुमच्या घरचं कुणी नव्हतं. तरी त्या गोळीबाराचा हुकूम देणाऱ्याचा फोटो ‘करारी प्रशासक’ म्हणून कुणी तळमजल्यावर लावला असता, तर आजोबा तो जिना मुकाट्याने चढले असते का? भाच्याला याचं उत्तर लगेच येईल.

शिवाय मैत्रिणीची भीती काही युरोपातून उसनी आणलेली नाही. 2008 च्या नोव्हेंबरात कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये माणसं मारली गेली ती ज्यू म्हणून. तेव्हापासून मुंबईतल्या सिनेगॉगच्या दारात पोलीस बसतात. ती प्रार्थनेला जाते तेव्हा बंदोबस्तातून आत जाते. तिथून घरी यावं आणि स्वतःच्याच जिन्याखाली, ज्याने तिच्या धर्माची माणसं संपवायचा बेत केला त्याचा सजवलेला फोटो दिसावा! ती ओरडली नाही, तक्रार केली नाही, म्हणून तिला चालतं असं समजू नका. 1948 नंतर त्यांच्यातले बहुतेक इस्रायलला गेले, देशभरात उरलेत ते काही हजार. इतक्या थोड्या माणसांना भांडण परवडत नाही. गुडघ्याचं कारण पुढे करणं परवडतं.

दारावरच्या स्वस्तिकाचं म्हणाल तर ते अजिबात पुसू नका. लहानपणापासून तुमच्या उंबऱ्याशी हळदकुंकवाचं स्वस्तिक ती पाहत आली आहे, चोपडीपूजनाला दुकानादुकानांत पाहिलं आहे. त्यात तिला काही खुपणार नाही. मात्र भाच्याने ‘नाझींचं उलटं होतं, आपलं सुलटं’ असा खुलासा सुरू केला तर त्याला थांबवा. ते चूक आहे. त्यांचंही आपल्यासारखंच उजवीकडे वळणारं असे. नाझी पक्षाने ते 1920 मध्ये झेंड्यावर घेतलं आणि 1935 मध्ये तोच जर्मनीचा राष्ट्रध्वज केला. फरक आहे तो काळ्या रंगाचा, तिरकं उभं करण्याचा, पांढऱ्या गोलाचा आणि लाल पार्श्वभूमीचा, म्हणजे नेमका तुमच्या भिंतीवर आहे त्या मांडणीचा. त्या मांडणीखाली काय काय घडलं, ते त्या मांडणीला कायमचं चिकटलं आहे. जर्मनीत ती अशी मिरवणं आज गुन्हा आहे. आपल्याकडे खास तसा कायदा नाही, म्हणून भाच्याला कुणी पकडणार नाही. पण प्रश्न पोलिसांचा नव्हताच. दुसरीकडे षट्कोनी तारा आपल्या पूजेच्या यंत्रांमध्येही असतो आणि मैत्रिणीच्या सिनेगॉगवरही. 1941 साली जर्मनीत सहा वर्षांच्या वरच्या प्रत्येक ज्यू माणसाला तोच तारा पिवळ्या कापडावर कापून छातीवर शिवायला लावला. मुंबईत आपण या दोन्ही खुणांना कुठलीही भीती न बाळगता दारावर जागा देतो, ते मोलाचं आहे.

आणि भाच्याला सांगा, अशी चूक करणारा तो पहिला नाही. 2006 साली खारघरला एक रेस्टॉरंट हिटलरच्या नावाने उघडलं होतं, जाहिरातीवर हेच चिन्ह होतं. मुंबईतल्या ज्यू समाजाने हरकत घेतली, मालकाने नाव बदललं. त्यात कुणाची मान खाली गेली नाही.

आता करायचं कसं. भाच्याला सभासदांसमोर बोलू नका. रात्री शेवटचा माणूस गेला की खाली जा, सोबत डबा न्या, जेवता जेवता सांगा. “मी हे उतरवायचं ठरवलंय, आजच, तू मदत केलीस तर बरं वाटेल,” एवढं पुरे. मग फ्लाटोंची गोष्ट. वाद वाढला तर वाढू द्या, पण गाळा परत घेईन असं तोंडातून काढू नका. त्या धमकीने चित्र खाली येईल आणि मुलगा हातचा जाईल. तो नाहीच म्हणाला, तरी किल्ली तुमच्याकडेही आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी जिम बंद असेल तेव्हा त्याला सांगून, त्याच्यामागे लपून नव्हे, तुम्ही स्वतः माणूस लावून व्हिनाईल काढून घ्या. चार दिवस तो रुसेल. भाडं न घेता गाळा देणाऱ्या आत्याला एका फ्लेक्सवरून सोडून जाण्याइतका तो कृतघ्न असेल, असं तुमच्या पत्रावरून वाटत नाही.

मैत्रिणीकडे त्यानंतरच जा. शुक्रवारी सूर्यास्तानंतर आणि शनिवारी दिवसा नको, तिचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस. भाच्याला सोबत नेऊ नका, तिला त्याची समजूत काढावी लागेल. “राग आलाय का” असं विचारू नका. त्याच्या मनात काय होतं ते सांगू नका. आपलं स्वतःचं तेवढं सांगा: ते चित्र माझ्या गाळ्यात इतके दिवस होतं, मला खटकत होतं आणि मी गप्प राहिले, त्याबद्दल माफ कर, आता ते काढलं आहे. मग ती बोलेल ते ऐका. कदाचित विषय बदलेल, तर बदलू द्या. कदाचित रडेल, किंवा इतक्या वर्षांत कधी न बोललेलं काही बोलेल. भाच्याने माफी मागायची ती त्याला समज आल्यावर, त्याच्या शब्दांत, त्याच्या वेळी. फार तर त्याला सुचवा की फोर्टमधलं 1884 सालचं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग एकदा पाहून ये. ओळखपत्र न्यावं लागतं, बाकी कुणी अडवत नाही.

भिंत मोकळी राहिली तर त्याला जिम ओकीबोकी वाटेल, म्हणून त्या जागी काय लावायचं ते त्यालाच ठरवू द्या. विचारलंच तर खाशाबा जाधवांचं नाव सुचवा. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे हे पैलवान 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधून कांस्यपदक घेऊन आले. तिथे जायला पैसे नव्हते, गावोगाव वर्गणी काढून गेले. करारी चेहरा हवा असेल तर तो आहे.

राहिले टी-शर्ट. ते बोहारणीला देऊ नका, वॉचमनच्या मुलांनाही नको. पुढच्या आठवड्यात तेच चिन्ह सात रस्त्यावर दुसऱ्या कुणाच्या अंगावर दिसेल आणि तुमच्या मैत्रिणीला ते पुन्हा ओलांडून जावं लागेल. छातीवरचा भाग कापून टाका, आणि ट्रेनर मुलांना नवे टी-शर्ट शिवून द्यायचा खर्च, शक्य असेल तर, अर्धा तुम्ही उचला.